तयार अंगाच्या बाया

अकोल्यात जुन्या शहराच्या उतारावर मुनव्वर पेंटरचं दुकान होतं. त्या दुकानात जमुना नावाची बाई बावीस वर्षं मेलेल्या माणसांची तोंडं रंगवत बसली. तेरवीला हार घालायला मोठा फोटो लागतो ना, तो. पाटीवर ‘मुनव्वर आर्ट’, बिलावर ‘मुनव्वर आर्ट’, चित्राच्या खालच्या कोपऱ्यातही ‘मुनव्वर आर्ट’. जमुना कुठेच नाही. आणि तुझं नाव का नाही म्हणून तिला कुणी विचारलं असतं, तर तिनं त्याच्याच कानाखाली जाळ काढला असता. विचारायला बावीस वर्षं का लागली, हा तिचा पहिला सवाल असता.

रागीट होतीच ती. का नसावी? जानराव हमालाची ही पोरगी. दहावीपर्यंत शिकली आणि मोर्शीकडे संत्र्याच्या बागायतदाराघरी दिली. तिला एक खोड होती, भिंत दिसली की हात कोळशाकडे जायचा. सासूला संत्री तोडणारी, पाणी ओढणारी सून हवी होती. हिनं एके दुपारी स्वयंपाकघराच्या भिंतीवर सासूलाच काढलं. तेही कसं, तर तोंड फाडून जांभई देताना! हुबेहूब उतरली होती म्हातारी, तेच वाईट झालं. दोन वर्षांत जमुना माहेरी परत. लोक म्हणाले, नवऱ्यानं टाकली. जमुना म्हणायची, “टाकायले मी काय उष्टं हाय? मी निघाली. सोताच्या पायानं स्टँडवर गेली, तिकीट मीच काढलं.”

मुनव्वर उस्तादांनी तिला हाताखाली घेतलं, तेव्हा दोन्ही मोहल्ल्यांच्या जिभांना हाड राहिलं नाही. सोडलेली बाई, परक्या जातीची, आणि मुसलमान पेंटरच्या दुकानात दिवसभर! मग उस्तादांची बायको रहिमाबी चार दिवस दुकानाच्या ओट्यावर सुपारी कातरत बसली. “जिसकू जो पूछना है, मेरे मुंह पे पूछो,” म्हणाली. कुणी विचारलं नाही. अडकित्ता हातात धरलेल्या बाईला कोण विचारणार?

पण दुकानांच्या पाट्या काही तिला मिळाल्या नाहीत. बाई शिडीवर चढली की धंद्याची बरकत जाते, असं एका किराणावाल्यानं सांगितलं, आणि मग सगळ्यांनाच तसं आठवायला लागलं. मग तिला फोटोचं काम मिळालं. जित्या माणसांच्या पाटीवर बाईचा हात चालत नव्हता, मेलेल्यांच्या तोंडावर चालत होता. वा रे दुनिया!

आता या कामाची रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं पुढे त्या रीतीवरच येऊन आदळलं. माणूस मेला की घरचे लोक रेशनकार्डावरचा नखाएवढा फोटो घेऊन यायचे, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा. त्यातून चौकटी आखून तोंड मोठं करायचं. पण अंगाचं काय? रोज नवं अंग कोण रंगवत बसेल! म्हणून पावसाळ्यात धंदा मंद असला की उस्ताद अंगं आधीच रंगवून ठेवायचे. कोटातला बाप्या, धोतर-टोपीतला बाप्या, हिरव्या साडीतली सवाष्ण, पांढऱ्या साडीतली विधवा. मानेच्या वर जागा कोरी. गिऱ्हाईक आलं की त्याच्या माणसाचं तोंड तेवढं त्या जागी बसवायचं, नथीचा मोती नाकाखाली आणायचा, झालं काम. सवाष्णीचे हात जोडलेले, दहा बोटं, बोटांत अंगठ्या. विधवेच्या हातात तुळशीची माळ. दुकानाच्या मागच्या भिंतीला अशा बिनडोक्याच्या बाया रांगेनं टेकून वाळत असायच्या. सुरुवातीला जमुनाला ते बघून कसंतरी व्हायचं. उस्ताद म्हणायचे, “मुर्दे शिकायत नहीं करते, बेटी.” मग तिला सवय झाली. सवयीसारखी हरामखोर गोष्ट नाही.

दोन हजारच्या पुढची वर्षं आली आणि दुकानात तोंडांची रीघ लागली. पेपरात रोज आत्महत्यांचा आकडा. आज तीन, आज पाच. धोतर-टोपीचं अंग दुकानात उरेना. सरकारी माणसं, पुढारी, पुण्या-मुंबईचे पत्रकार येऊन जायचे, आणि सगळे ‘शेतकरी’ म्हणायचे तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे मिशा असायच्या. बाई औषध पिऊन मेली तर पेपरवाला ‘घरगुती कारण’ लिहायचा. तीस वर्षं वावरात राबलेल्या बाईचं कारण घरगुती! जमुना तो पेपर ब्रश पुसायला घ्यायची, दुसऱ्या कशाच्या लायकीचा नाही म्हणायची. आणि मग त्याच बाईचं तोंड हिरव्या साडीवर बसवायची. पेपरवाल्याचा तिला राग यायचा. आपणही तेच करतो आहोत, हे काही तिच्या ध्यानात यायचं नाही.

ते ध्यानात आणून दिलं पार्बताबाईनं. दोन हजार सहाच्या शिमग्यानंतरची गोष्ट. बार्शीटाकळीच्या पुढच्या एका गावातून ती आली. पन्नाशीची, उन्हानं काळी पडलेली, उंच बाई. पायरीवर चप्पल काढून आत आली आणि म्हणाली, “तेरवीचा फोटो काढाचा हाय.”

“कोण गेलं?” जमुनानं वर न बघता विचारलं.

“अजून कोनी नाही. मी जाईन तवाचा.”

जमुनाचा ब्रश थांबला. “बाई, जित्या मानसाचा तेरवीचा फोटो आमी नाही काढत. अपशकुन असते.”

पार्बताबाई मोठ्यानं हसली. “अपशकुन? अवो, मी सोताच गावाचा अपशकुन! इचार कोनाले बी.”

मग तिनं सांगितलं. एकविसाव्या वर्षी नवरा गेला. दीर खुशालराव म्हणाला, वहिनी, तुमच्या वाट्याचे चार एकर मी पाहतो, तुम्ही दोन टाइम जेवा. तिनं ऐकलं नाही. पण पेरायचं कसं? तिफण बाप्यानं हाकायची, बाईनं मागून सरत्याच्या नळीत बी सोडायचं, ही जगाची रीत. बाईनं तिफणीला हात लावला की पाऊस रुसतो म्हणे. विधवेनं लावला तर विचारूच नका. एकही गडी तिच्या वावरात यायला तयार होईना. तेव्हा तिनं लुगड्याचा काष्टा मारला, बैल जुंपले आणि तिफण स्वतः धरली. ज्या साली पाऊस दडला, त्या साली गावातल्या बायांनी तिच्या दारात शेण टाकलं. पुढे गावातली तरणी माणसं कामाला शहरात निघून गेली, गडी मिळेना, तेव्हा दारात शेण टाकणारी तीच घरं चोरून निरोप धाडायला लागली. पार्बताबाई, आमचं बी तेवढं पेरून दे, पण लवकर ये, कोणी पाहीन. ती जायची. शिव्या द्यायची आणि जायची.

“मंग आता फोटोचं काय मधेच?” जमुना म्हणाली.

“माही जाऊ मेली, खुशालरावची बायको. तिचा फोटो तुमच्याच दुकानातून नेला. तिले जन्मात नथ नाही भेटली, फोटोत भेटली. मी म्हनलं, चाला, मेल्यावर तरी. मंग शेजारच्या घरी गेली, तं भितीवर तेच आंग! तेच हात, तोंड दुसरं. मंग मी गावभर फिरून पायलं. सात घरं. सात बाया, आंग एकच.” तिनं मागच्या भिंतीकडे बोट केलं. “मले कोनतं लावतीन, माहीत हाय मले. ते पांढरं. हातात माळ. म्या उभ्या जन्मात माळ नाही धरली. म्या तिफण धरली.”

जमुनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी वाटलं, ही कोण मोठी लागून गेली आपल्या दुकानात येऊन आपल्याला सुनावणारी! तोंडावर आलंच होतं, की बाई, दुसरं दुकान पाहा. पण भिंतीला टेकलेल्या त्या बिनडोक्याच्या बायांकडे तिची नजर गेली. मुर्दे शिकायत करत नाहीत म्हणे. हा मुर्दा मरायच्या आधीच शिकायत घेऊन दारात उभा होता.

“काढतो,” ती म्हणाली. “पन तुमच्या वावरात येऊन काढीन.”

गेली. एक अख्खा दिवस पार्बताबाई बैल जुंपून तिच्यासमोर उन्हात उभी राहिली. जमुना कागदावर काढत होती. तिफणीच्या रुमण्याच्या मुठीवर घट्ट आवळलेला हात, दुसऱ्या हातातले कासरे, नखात गेलेली काळी माती, काष्ट्याखालच्या पोटऱ्या. तिला कळलं, की बाईचे हात कसे असतात हे बावीस वर्षांत आपण बघितलंच नाही. सगळं पाठ केलेलं होतं.

“कपाळाचं कसं करू?” तिनं भीतभीत विचारलं. कुंकू काढावं की न काढावं, यावरून घराघरांत भांडणं झालेली तिनं पाहिली होती.

“हाय तसंच. घाम काढ. घाम काढता येते ना तुले?”

दीड महिना लागला. चार बाय तीन फुटाचा हार्डबोर्ड. उस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ते चित्राला नाक लावून बघत राहिले आणि म्हणाले, “ये दुकान का माल नहीं है. ये तेरा है. नीचे मेरा नाम मत डाल.”

“बावीस वर्षांत आज सुचलं, उस्ताद?” जमुना फाडकन बोलली. म्हातारा मान खाली घालून उभा राहिला. ती नंतर पुष्कळदा म्हणायची, तेव्हा तसं बोलायला नको होतं, पण खोटं काय बोलले? कोपऱ्यात तिनं लाल रंगानं ‘जमुना’ लिहिलं.

चित्र एस.टी.च्या टपावर टाकून नेताना पार्बताबाई एवढंच म्हणाली, “तेरवीले येजो. काय लावलं ते पायजो. नसन लावलं, तं लावजो.” जमुना म्हणाली, येतो. शब्द दिला.

पुढच्या सालच्या मेमध्ये, पेरणीआधीची वखरपाळी चालू असताना, भर दुपारी पार्बताबाई वावरात कोसळली. ऊन लागलं. दवाखान्यात पोचायच्या आत संपली. जमुनाला फोन आला तो जयवंताचा, खुशालरावच्या सुनेचा. नवरा गोपाल अमरावतीला नोकरीवर, ही गावात सासऱ्याजवळ. फोनवर दबक्या आवाजात म्हणाली, “बाई, काकू गेल्या. तुमी या. नक्की या.” आणि ठेवून दिला.

तेरवीच्या दिवशी जमुना काळीपिवळी जीपमधून उतरली तेव्हा मांडव माणसांनी भरला होता. पंगत बसायची होती. वांग्याची भाजी शिजत होती. आणि मांडवाच्या तोंडाशी, दोरीनं ताणून बांधलेला, सहा फुटी फ्लेक्स.

ती बघत राहिली. मागे बर्फाचे डोंगर, कमळं, समया. मध्ये पांढऱ्या साडीतली बाई, हातात माळ. खाली ‘शोकाकुल’ म्हणून खुशालरावांचा फेट्यातला फोटो, गेलेल्या बाईपेक्षा चार बोटं मोठा. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, इथे दूधही दिराचंच! पण जमुनाचं लक्ष तोंडाकडे होतं. डावी भुवई मधे तुटलेली. ती भुवई जमुनानं एका केसाच्या ब्रशनं अर्धा तास रंगवली होती. उन्हानं बारीक झालेले ते डोळे तिनं काढले होते. पार्बताबाईचा दुसरा फोटो जगात नव्हताच. गोपालनं जमुनाच्या चित्रावरून फोटो काढून अमरावतीला नेला होता, कॉम्प्युटरवाल्यानं मान कापली होती आणि माळवाल्या अंगावर चिकटवली होती. घाम पुसून टाकला होता. ‘जमुना’ कापून टाकलं होतं.

जनाची नाही तर मनाची तरी!  आणि रागाच्या त्या भरात मध्येच एक थंड विचार आला, की हे मी शिकवलं. मी हजारदा केलं. कॉम्प्युटरवाल्यानं फक्त लवकर केलं. त्यानं राग कमी झाला नाही, दुप्पट झाला.

“चित्र कुठं हाय?” तिनं दारात उभ्या जयवंताला विचारलं.

जयवंतानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि गोठ्याकडे चालू लागली. तिथं गुरांच्या कुटाराचा, भुश्याचा ढीग होता, त्यावर पाणी पडू नये म्हणून हार्डबोर्ड पालथा टाकला होता. दोघींनी तो उचलला. एका कोपऱ्याला कोंबड्यांनी घाण केली होती, ती जमुनानं पदरानं पुसली. एक बाजू हिनं, एक बाजू तिनं धरली आणि दोघी भर मांडवात शिरल्या.

खुशालराव पाहुण्यांना गंध लावत होते. ते तसेच थबकले. “हे काय नाटक लावलं? कोन तू?”

“पेंटर.”

“मुनव्वरची बाई काय?”

“मी कोनाचीच बाई नाही. हे चित्र माहं. गिराइकानं सांगतलं होतं भितीवर लावाले, ते पोचवायले आली.”

“गिराइक मेलं!”

“मेलं म्हनून तं आली. जितं असतं तं तिनंच लावलं असतं, तुमाले हात नसता लागू देला.”

पंगतीला टेकत असलेले लोक उठून उभे राहिले. खुशालरावांचा चेहरा तांबडा झाला. “बाई तिफण धरून उभी, आन् ते आमी चारचौघांत टांगाचं? पाऊस गेला तवा हिच्यापायी गावाच्या शिव्या आमी खाल्ल्या. खानदानाची अब्रू हाय का नाही? ठेव ते खाली!”

जमुना तोंड उघडणार, तोच बाजूनं आवाज आला. मोठा नव्हता, पण मांडवात सगळ्यांना ऐकू गेला.

“मामाजी,” जयवंता म्हणाली, “मांगल्या मिरगात आपल्या नाल्याकाठच्या वावरात तिफण कोनं हाकली?”



“तू घरात जाय,” खुशालराव म्हणाले.

“तुमचे गुडघे धरले होते. हे अमरावतीले होते. काकूनंच हाकली. तुमी बांदावर बसून चहा पेत होते, तो चहा मीच आनला होता.” तिचा पदर डोक्यावरून घसरला होता, तो तिनं सावरलाही नाही. “याइच्यातले अजून किती जन सांगू? निरोप तं माह्याजोळच यायचे.”

मांडवात एकदम खोकल्यांची साथ आली. कुणी चप्पल शोधायला लागलं, कुणी द्रोण सरळ करायला लागलं. नाकानं कांदे सोलणारे सगळे आता पत्रावळीकडे बघत होते. खुशालराव दातओठ खात राहिले आणि मग गंधाची वाटी तिथंच ठेवून आत निघून गेले. फ्लेक्स कुणी काढला नाही. जमुनानं त्याच्याच दोरीला हार्डबोर्ड अडकवला, फ्लेक्सच्या पुढ्यात. मागे खुशालरावांचा फेटा तेवढा डोकावत राहिला.

दुसऱ्या पंगतीला बाया बसायच्या होत्या. त्या आधी एकेक करून चित्रापुढे आल्या. कुणी रडली, कुणी नुसतं बघितलं, एक म्हणाली, “नखातली माती पाय वो, नखातली!” जमुनाला आत कुठेतरी बरं वाटायला लागलं. शब्द पाळला होता. आता जेवून निघावं, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत तिच्याजवळ आली. “मी गंगूबाई,” म्हणाली. “हे तुमीच काढलं?”

“हो.”

“माह्या सासूचा फोटो बी तुमच्याच दुकानातला हाय. हिरव्या साडीतला.” म्हातारीच्या आवाजात भांडण नव्हतं, तेच वाईट होतं. “तिची दोन बोटं जिनात गेली होती, कापसाच्या. त्याच हातानं तिनं माही पाच बाळंतपनं केली. तुमच्या फोटोत दहा बोटं हायेत. आंगठ्या घातलेली. पंधरा वर्सं झाली, रोज दिवा लावतो मी त्याइच्यापुढं.” तिनं काठी या हातातून त्या हातात घेतली. “ते कोनाचे हात हायेत वो बाई?”

 जमुनानं चित्रातल्या हाताकडे बघितलं, मग म्हातारीकडे.

“मले तुमची सासू आठवत नाही,” ती म्हणाली. “मी तिले पायलंच नाही कधी.”

“मी पायलं ना,” गंगूबाई म्हणाली.

जमुनानं पिशवीतून कागद आणि पेन्सिल काढली आणि पंगतीकडे पाठ करून तिथंच मांडवाच्या खांबाशी बसली. “कोनती दोन?” तिनं विचारलं.